शेजार मोडला की दुखणी वाढतात

काही पेशंट असे असतात, की त्यांची फाईल महिन्यागणिक जाड होत जाते आणि रोग मात्र हाती लागत नाही. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी त्यातलेच. वय सत्तरीच्या पुढे. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांच्या पत्नी वारल्या. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी गुरुजी माझ्यासमोरच्या स्टुलावर हजर. कधी छातीत धडधड, कधी पोटात गॅस, कधी पायाला मुंग्या, कधी पहाटे तीनला उडणारी झोप. ब्लडप्रेशर १७०-१००. मी गोळी वाढवली. मग दुसरी जोडली. ईसीजी काढला, तो नॉर्मल. लातूरला पाठवून टू-डी एको करून आणला, तोही वयाच्या मानाने चांगला. शेवटी झोपेची गोळी लिहून दिली आणि मनातल्या मनात सुटलो.

असे सहा-सात महिने गेले. एकदा मिठाची चौकशी करावी म्हणून सहज विचारले, "गुरुजी, काल रात्री काय जेवलात?"

"चिवडा आणि लोणचं."

"आणि दुपारी?"

"चहा-बिस्किट. एकट्यासाठी कोण कुकर लावतं, डॉक्टर? ती गेल्यापासून कुणाशेजारी बसून जेवलोच नाही."

मी पेन खाली ठेवले. माझ्या गोळ्या चुकीच्या नव्हत्या, पण निदान अर्धेच होते. रोज चिवडा आणि लोणचे खाणाऱ्याचे ब्लडप्रेशर उतरणार कसे? गोळी घेतली की नाही हे विचारणारे घरात कोणी नाही, त्यामुळे दोन दिवस घेतली, तीन दिवस विसरली. रात्री झोप नाही, म्हणजे शरीर सतत भांडणाच्या तयारीत. नाडी जलद, रक्तवाहिन्या आवळलेल्या. एकटेपणा हा काही मनाचा चोचला नाही, तो असा पोटातून आणि नाडीतून काम करतो. २०१० साली अमेरिकेतील काही संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आढळली. हा आकडा मी वाचलेला होता. तरीही समोरच्या माणसाला जेवणाबद्दल विचारायला मला सात महिने लागले.

वाचकहो, एरवी आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे पिठले-भाकरी आणतात, पाहुणे कडू घास घालतात, तेरा दिवस दारात कुणी ना कुणी बसलेले असते. यातल्या काही रूढींवर मी पूर्वी टीका केली आहे आणि कर्जे काढून घातलेल्या तेराव्याच्या जेवणावर आजही करीन. पण दुःखात पडलेल्या माणसाला जेवायला घालणे आणि एकटे न सोडणे, ही व्यवस्था त्यात होती. कोरोनात ती तुटली. गुरुजींच्या दारात कुणी बसायला आले नाही, येऊ शकलेच नाही. नंतर निर्बंध उठले, पण राहून गेलेले ते बसणे राहूनच गेले.

असे तुटलेपण मी पूर्वी एकदा पाहिले होते, ते किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी अंबाजोगाईला इंटर्न होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावोगाव गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद, सगळे झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. त्या दिवसांतल्या जखमा, प्लॅस्टर आणि पाऊस यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी सांगतो आहे ते त्यानंतरचे.

बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की, रस्ते रुंद आणि सरळ, शहराच्या नकाशासारखे चौकोन. घर किती मोठे, हे जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात एका आकाराची घरे एका बाजूला पडली आणि पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसे गावाच्या दोन टोकांना गेली. जुन्या गल्लीत एकीच्या चुलीवरची भाजी जळाली, तर दुसरी ओट्यावरून हाक मारायची. नव्या गावात हाक पोचत नव्हती. पुढे काही वर्षांनी मी प्रॅक्टिस सुरू केली, तेव्हा त्या गावांतून येणाऱ्या बायका सांगायच्या, "घर चांगलंय डॉक्टर, पण करमत नाही." आणि त्याखाली डोकेदुखी, अंगदुखी, धडधड. मी तेव्हा बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शने दिली. तेव्हा सगळेच देत.

जुने गाव म्हणजे स्वर्ग होता, असे मात्र कुणी म्हणू नये. पारावर कुणी बसायचे आणि कुणी लांबून जायचे, हे जातीने ठरलेले होते. वेशीबाहेरच्या वस्तीला त्या शेजाराचा वाटा कधी मिळालाच नाही. म्हणून जुने परत आणू, असे मी म्हणत नाही. ते परत येतही नाही. नवे बांधावे लागते.

आणि ते बांधता येते, हेही त्याच भूकंपाने दाखवले. स्थलांतर न करता जागेवरच दुरुस्ती करायच्या बाराशेहून अधिक गावांत, स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. संस्थेच्या प्रेमा गोपालन २०२२ मध्ये वारल्या. मराठवाड्याने त्यांची आठवण ठेवायला हवी. या बायका घरोघर जात, दुरुस्तीचे पैसे कसे मिळतात, भिंतीत कोपऱ्याला काय घालायचे, गवंडी नीट काम करतो का, हे सांगत आणि बघत. काम सिमेंटचे होते, पण त्यासाठी बायका जमू लागल्या. मग त्यातूनच बचत गट उभे राहिले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. ज्यांना कधी तालुक्याला एकटे जाऊ दिले नव्हते, त्या गुजरातेत जाऊन "आमचं असं झालं, आम्ही असं केलं" म्हणून सांगून आल्या. धीर देणाऱ्याचाही आजार कमी होतो, हे मला त्यांच्याकडे पाहून कळले. पुस्तकात ते फार उशिरा वाचले.

आता गावाच्या नकाशाचा आणि जिवाचा संबंध किती, याचे एक लांबचे उदाहरण देतो, कारण आपल्या मे महिन्याला ते लागू पडते. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतली पुष्कळशी म्हातारी आणि एकटी. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ. एका वस्तीत दर लाखी ४० मृत्यू, दुसरीत ४. पहिल्या वस्तीत दुकाने बंद पडलेली, रस्ते ओस, भीतीने दारे लावून घेतलेली. दुसरीत रस्त्यावर बाजार, वर्दळ, बसायला जागा. म्हातारी माणसे उकाड्यात घराबाहेर पडली, दुकानांच्या गारव्यात बसली आणि वाचली. आपल्या गावाभोवती जे नवे प्लॉटिंग उठते आहे, सहा फुटी कंपाऊंड, लोखंडी गेट, त्यावर "कुत्र्यापासून सावध राहा", ओटा नाही की झाड नाही, ते पाहताना मला त्या पहिल्या वस्तीची आठवण येते.

गुरुजींसाठी काय करावे? माझी पहिली उडी चुकली. मी आणि आणखी दोघांनी मिळून ज्येष्ठांचा संघ काढला. बॅनर, हार, प्रमुख पाहुणे, फोटो, पेपरात बातमी. दुसऱ्या महिन्यात अध्यक्ष कोण यावरून वाद झाला, तिसऱ्या महिन्यात वर्गणीवरून, आणि चौथ्या महिन्यात खुर्च्यांचे भाडे मी दिले. गुरुजी पहिल्या दिवशी मागच्या रांगेत बसले होते, पुन्हा आले नाहीत. "तिथं भाषण ऐकायचं, डॉक्टर. भाषणं मी चाळीस वर्षं केली."

मग एका गुरुवारी, बाजारच्या दिवशी, दवाखान्यात गर्दी उसळली होती आणि एक आजी गोळ्यांची पाकिटे घेऊन बावरून उभ्या होत्या. कोणती सकाळची, कोणती रात्रीची कळेना. मी गुरुजींना म्हणालो, "जरा आजींना समजावून सांगता का?" त्यांनी खिशातून पेन काढले आणि पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दिले. सूर्य म्हणजे सकाळ, चंद्र म्हणजे रात्र. पुढच्या गुरुवारी नऊ वाजता ते आपणहून बाकावर येऊन बसले. आज तिथे सहा-सात जण असतात. एक निवृत्त पोस्टमन, एक शिलाईकाम करणाऱ्या मावशी, दोन आजी, एक मागच्या आळीतले हमाल. ब्लडप्रेशर मोजणे, गोळ्या समजावणे, कुणाला लातूरला जायचे असेल तर सोबत ठरवणे, आणि चहा. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, नाव नाही. नाव ठेवू नका, असे मी हात जोडून सांगितले आहे.

या दोन अनुभवांवरून माझे मत झाले आहे, आणि ते काही मोठे नाही. दुःखी माणसाला "कार्यक्रमाला या" म्हटले की तो येत नाही. "तुमचं काम आहे" म्हटले की येतो. वार आणि वेळ ठरलेली हवी, म्हणजे आमंत्रण लागत नाही. जागा चालत जाण्यासारखी हवी. आणि माणसे इतकी थोडी हवीत, की एक आला नाही तर लक्षात यावे. भजनी मंडळ, बचत गट, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कंपू, पिठाच्या गिरणीपुढची बैठक, काहीही चालेल. मोबाइलवरच्या ग्रुपवर शंभर जणांनी हात जोडलेली चित्रे पाठवली, तरी त्यातला एकही कडी वाजवत नाही.

बायकांना आधीच मंडळे असतात, पुरुषांचेच अवघड, असे मी समजत असे. ते पूर्ण खरे नाही. शिलाईवाल्या मावशींनीच मला सुनावले. त्यांचे पती वारल्यावर त्यांना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. म्हणजे ज्या बाईला चार जणींची सर्वांत जास्त गरज, तिलाच नेमके त्या दिवशी वगळायचे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य सरकारनेही इतर गावांना तसे आवाहन केले. ठराव झाला तरी आमंत्रण द्यायला दारात एखादी सुवासिनीच जायला हवी. माझ्या मते हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगतो. चार माणसांत बसणे हा नैराश्यावरच्या उपचाराला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप आणि भूक गेली, कशातच मन लागेना, अंगावर कामाचे ओझे वाटू लागले, किंवा जगून काय करायचे अशी भाषा तोंडी आली, तर त्याला "बाहेर पड, बरं वाटेल" एवढे सांगून सोडू नये. डॉक्टरकडे आणावे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. पण त्याला तिथवर कोण आणणार? बोलता बोलता ती भाषा कोणाच्या कानावर पडणार? घरात एकटा असेल, तर भिंतींच्या.

गुरुजींच्या गोळ्या चालूच आहेत. झोपेची मात्र हळूहळू कमी करत बंद केली. परवाचे ब्लडप्रेशर १४४-८६ होते. एकदम आनंदी झालेत, असे म्हणणार नाही. एप्रिल आला की ते अजून गप्प होतात. पण गुरुवारी पोस्टमन डबा आणतात आणि दोघे दवाखान्याच्या मागच्या खोलीत जेवतात.

गेल्या मे महिन्यात त्या आजींपैकी एक साडेनऊ झाले तरी आल्या नाहीत. गुरुजी उठले आणि त्यांच्या घरी गेले. आजी पत्र्याच्या खोलीत खाटेवर पडलेल्या, अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. गुरुजींनी त्यांना सावलीत घेतले, ओल्या कपड्याने अंग पुसायला शेजारणीला लावले आणि रिक्षातून आणले. दोन दिवस सलाईन लागले, मग घरी गेल्या. आता त्या गुरुवारी पावणेनऊलाच येऊन बसतात. "जरा उशीर झाला की हा मास्तर कडी वाजवतोय," अशी तक्रार त्या मला दर आठवड्याला करतात.