नाव ठेवण्यापूर्वी : बारामती-इंदापूरच्या नावांचा इतिहास आणि एक मत (दीर्घ धागा)

१/ मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. येत्या रविवारी बारामतीत माझ्या भाचीचे बारसे आहे. आत्या म्हणून नाव ठेवण्याचा मान माझा. परंतु गेले पंधरा दिवस आमच्या घरात पहिले काम अडून राहिले आहे आणि दुसरे जोरात चालू आहे.

२/ भावाला दोन अक्षरी आणि वर्गात दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव हवे. वहिनीला गुरुजींनी पत्रिकेवरून काढून दिलेले आद्याक्षर मोडायचे नाही. आजोबांना देवीचे नाव हवे. शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले : "तू इतिहासवाली, तूच काहीतरी ऐतिहासिक सुचव." म्हणून हा धागा. आधी इतिहास, मग माझे मत.

३/ आरंभ जवळच्याच देवस्थानापासून करू. अष्टविनायकांतील मोरगाव बारामती तालुक्यात आहे. मोरेश्वर, मोरोबा, मोरो आणि आजचा मयूरेश ही एकाच देवाची नावे. बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेले कवी मोरोपंत (१७२९–१७९४) म्हणजे मोरेश्वर रामजी पराडकर. त्यांनी काव्यात स्वतःला 'मयूर' म्हटले आणि आपल्या स्तोत्राला 'केकावली', म्हणजे मोराच्या हाकांची माळ, हे नाव दिले. पाळण्यात मिळालेले नाव एखादा मनुष्य आयुष्यभर किती अर्थपूर्ण करू शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हा बारामतीकरांना नाही.

४/ शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी. तिथून खंडू, मल्हारी, मार्तंड, म्हाळसा, बाणाई ही नावे आली. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी पंढरीला जाते. त्या वाटेवर पांडुरंग, ज्ञानोबा, तुकाराम, रुक्मिणी, चंद्रभागा घरोघरी सापडतात. आपल्या पणजोबांच्या पिढीतील नावे एका कागदावर लिहून पाहा. त्या घराची जत्रा कोणती आणि वारी कोणती, हे नकाशाशिवाय कळेल.

५/ आता इंदापूर. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले १७व्या शतकाच्या आरंभी निजामशाहीच्या बाजूने लढताना इंदापुरात पडले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी तिथे आहे. त्यांना पुत्र नव्हता, अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला आणि झालेल्या दोन पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा बखरींतून आली आहे. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मारले गेले. शहाजीराजांचा पुढचा इतिहास आपण जाणतोच.

६/ नवसाची कथा शब्दशः घ्यावी की नाही, यावर चर्चा होऊ शकते. नावे मात्र डोळ्यांसमोर आहेत. दौलतराव, हिम्मतराव, साहेबराव, फत्तेसिंग यांतील पहिले शब्दही फारसी-अरबीतून आलेले. 'अस्सल आपले' नाव शोधणाऱ्यांनी सांगावे, शहाजी हे नाव कोणत्या यादीत घालायचे? मला ते अस्सल आपलेच वाटते, कारण ते कसे आपले झाले याची आठवण आपल्याकडे आहे.

७/ नाव हे इतिहासाचे साधन कसे ठरते, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगाव भीमा येथील स्तंभ पाहा. त्यावरील कित्येक सैनिकांची नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. हा महार सैनिकांच्या नावांतील प्रत्यय. ज्यांनी स्वतःची पत्रे, दैनंदिन्या किंवा वतनाची कागदपत्रे मागे ठेवली नाहीत, त्यांच्याविषयी दगडावरचे एक नाव बोलते.

८/ परंतु जुने ते सारे सोने नव्हते. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे ठेवली जात, कारण आधीची मुले दगावलेली असत. तुच्छ नावाचे मूल तरी मृत्यूच्या नजरेत भरू नये, ही त्यामागची आशा. 'नकोशी'त मात्र तेवढीही माया नव्हती. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिथे ऑक्टोबर २०११ मध्ये २८० हून अधिक 'नकोशी' मुलींना एका शासकीय समारंभात नवी नावे देण्यात आली. जुन्या नावांची हळहळ वाटणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आले, हा समारंभ विसरू नये.

९/ मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की जुने संपले. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) माहेरी यमुना होत्या. त्या प्रसिद्ध झाल्या म्हणून दोन्ही नावे उरली. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला या पंधरवड्यात, नावांच्या भांडणात, प्रथम कळले. तिचा भाऊ गेल्यापासून त्या नावाने तिला हाक मारणारे कोणी उरले नव्हते. ते तिने सहज सांगितले आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

१०/ नाव बदलणे म्हणजे नेहमीच पुसणे नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा ही नावे वस्त्यावस्त्यांत मोठ्या संख्येने आली. ज्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनी नावे ठेवली, त्यांनी आपली नावे आपण निवडली. ही नावे त्या पिढीत नवीनच होती, आणि त्यांना कारण होते.

११/ आज नावाचे वजन वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मप्रमाणपत्र हाच आधार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात महाराष्ट्र शासनाने वडिलांच्या आधी आईचे नाव आणले. माझ्या भाचीच्या नावामागे वहिनीचे नाव असेल. आजीच्या ताटातील अंगठीपासून आपण एवढे अंतर चाललो, याचा मला आनंद आहे.

१२/ आता मत. रेयांश, कियांश, किआरा ऐकून मला नाक मुरडायचे नाही. प्रत्येक जुने नाव केव्हातरी नवीनच होते. माझी तक्रार वेगळी आहे. 'हेच का?' असे विचारल्यावर "छान वाटले", "वेगळे आहे", "ॲपवर अर्थ चांगला होता" याच्या पुढे उत्तर जात नाही. वेगळेपणासाठी ठेवलेले नाव दोन वर्षांत अंगणवाडीत चौघांचे होते; मग त्याच्यापाशी काहीच शिल्लक राहत नाही. चौघे पांडुरंग एका आळीत सुखाने नांदत, कारण वेगळे दिसणे हे त्या नावाचे काम नव्हते.

१३/ म्हणून सूचना एकच : नाव कोणतेही ठेवा, कारण लिहून ठेवा. एक वही पुरे. नाव कोणी सुचवले, का सुचवले, कोणती नावे मागे पडली, आईचे व आज्यांचे माहेरचे नाव काय, तारीख आणि गाव. दहा ओळी. शंभर वर्षांनी बारामतीचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यास या दहा ओळी सोन्याच्या मोलाच्या वाटतील. आणि त्याआधी, पंधरा वर्षांनी, त्या मुलीला वाटतील.

१४/ आमच्या घरची वही मी काल आणली. भाचीचे नाव अजून ठरायचे आहे, पण पहिले पान भरले आहे. त्यावर आजीचे माहेरचे नाव आहे, तिने स्वतः लिहिलेले. रविवारी कानात काय सांगायचे ते मी येथे लिहिणार नाही. तो मान पाळण्याचा. मात्र 'ऐतिहासिक नाव सुचव' म्हणणाऱ्या घराला माझे उत्तर मिळाले आहे : इतिहास नावात आयता येत नाही, तो नावाशेजारी लिहून ठेवावा लागतो.

१५/ आपल्या घरातील एखाद्या नावामागची कथा ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा. ठाऊक नसेल तर आज संध्याकाळी घरातील सर्वांत वडील स्त्रीला तिचे माहेरचे नाव विचारा. धागा समाप्त.