जांघेतली खाज आणि मेडिकलमधली ‘ती’ ट्यूब

पावसाळ्यात जांघेत लालसर, गोल, कडेने उठावदार चट्टा आला, तर तो बहुतेकदा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग असतो. डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते, म्हणून पुरुष मेडिकलमधून ट्यूब आणतात. घोळ इथेच होतो. अनेक ट्यूबमध्ये क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरतच राहते. ट्यूब थांबवली की चट्टा आणखी मोठा होऊन परततो. जांघेची त्वचा पातळ होऊन पडलेले पट्टे तर कायमचे राहतात.

2018 मध्ये केंद्राने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. प्रत्यक्षात काउंटरवर कोण विचारतं? त्यात देशात पसरलेल्या ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषधही अनेकदा चालत नाही. त्यामुळे मित्राची ट्यूब नको, थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. चट्टा गेला तरी सांगितलेला कोर्स पूर्ण करा. टॉवेल वेगळा ठेवा. अंतर्वस्त्रं दुसऱ्या कपड्याखाली लपवून नाही, उघड्या उन्हात वाळवा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्यांचेही उपचार सोबतच सुरू करा.