हळद, चुना आणि चिकित्सा

आम्ल आणि आम्लारी हा पाठ केवळ गुण मिळविण्यासाठी नाही. तथागतांनी सांगितलेल्या चिकित्सक वृत्तीचा तो पहिला धडा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच तो फळ्यावर न संपता विद्यार्थ्यांच्या हातून घडला पाहिजे.

त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लालसर होतो, हे प्रत्येक माउलीने पाहिले आहे. साबण आम्लारिधर्मी असतो. त्याच डागावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो, कारण लिंबाच्या रसात आम्ल असते. हळदीच्या पाण्यात गुपचूप चुन्याची निवळी मिसळून ‘करणीचे रक्त’ दाखविणाऱ्या भोंदूची विद्या एवढीच! २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथापि, कायदा फसवणुकीनंतर धावून येतो. ज्या मुलीने हा प्रयोग स्वतः केला आहे, ती फसवणुकीपूर्वीच घरच्यांना सावध करते.

आपल्याच जिल्ह्यातील लोणार सरोवर हे तर या पाठाचे उघडे पुस्तक. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या या विवरातून पाणी बाहेर वाहत नाही. ते आटते आणि सोड्याचे क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू सुमारे १० असतो. सामू ७ म्हणजे उदासीन, आणि पुढची प्रत्येक पायरी दहापट; म्हणजे हे पाणी उदासीन पाण्याहून सुमारे हजारपट आम्लारिधर्मी. तेथे काच व साबणाची द्रव्ये मिळतात, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून त्याचे कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. चमत्काराला उत्तर मिळाले ते तपासणीने.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले! पाण्याचा सामू मोजता येतो, क्षार मोजता येतात, जंतू शोधता येतात. माणसाच्या स्पर्शाने लागलेला ‘विटाळ’ मात्र कोणत्याही दर्शकाला आजवर सापडलेला नाही. लिटमसला जात कळत नाही. हे आमच्या मुलांनी ऐकून नव्हे, पाहून जाणले पाहिजे.

प्रयोगात धोका असतो, असे काही पालक म्हणतात. ते खरे आहे. पण धोका अज्ञानात अधिक आहे. तीव्र आम्लात पाणी ओतू नये, आम्लच पाण्यात हळूहळू सोडावे. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. सफाईच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ढकलले गेले, त्या समाजाच्या लेकरांना हे ठाऊक नसावे काय?

म्हणून आमची सूचना अशी: दरवर्षी विद्यार्थ्यांनी उंद्री परिसरातील विहिरी, कूपनलिका व शेतमाती यांचा सामू मोजावा आणि नोंदी गावासमोर मांडाव्यात. सामू योग्य म्हणजे पाणी निर्जंतुक नव्हे, हेही त्यांनीच समजावून सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी देताना कमानीपेक्षा प्रयोगशाळेचा विचार आधी करावा. प्रज्ञेचा मार्ग परीक्षानळीतूनही जातो.