शीतपेयाच्या कॅनवरची ‘ती’ ओळ आणि मोठेपणीचा पीकेयू. धोका फक्त मेंदूलाच नाही!

डाएट शीतपेयाच्या कॅनवर बारीक अक्षरांत एक सूचना असते : फिनाइलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कॅनॉट प्लेसमध्ये कॅन उघडणारे बहुतेक जण ती वाचत नाहीत. ज्यांच्यासाठी ती छापली आहे, त्यांना मात्र प्रत्येक घासाचा हिशेब ठेवावा लागतो.

काय आहे पीकेयू?
प्रथिनांमधील फिनाइलअॅलनिन हा घटक पचवणारे यकृतातील एन्झाइम जन्मतःच कमी किंवा निकामी असते. हा घटक रक्तात साचतो आणि मेंदूला इजा करतो. आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तरच बाळाला हा आजार होतो. १९३४ मध्ये नॉर्वेचे डॉक्टर आस्बयोर्न फोलिंग यांनी तो ओळखला. बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान झाले आणि लगेच पथ्य सुरू झाले, तर मेंदू वाचतो.

मोठेपणी काय बदलते?
पूर्वी शाळकरी वयात पथ्य सोडण्याची पद्धत होती. २०१४ च्या अमेरिकी आणि २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी उपचार आयुष्यभर चालू ठेवण्यास सांगितले. आता पथ्यावर वाढलेली पिढी प्रौढ झाली आहे आणि नवे प्रश्न समोर येत आहेत. परदेशातील अभ्यासांत या प्रौढांमध्ये लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि मधुमेह अधिक आढळला. काही छोट्या अभ्यासांत रक्तवाहिन्या कडक झाल्याचेही दिसले. नेमके कारण अजून सिद्ध झालेले नाही.

संशय कशावर?
डाळ, दूध, पनीर, अंडी, शेंगदाणे बंद किंवा अगदी मोजके. पिठलं-भाकरीही मोजूनच. मग पोट भरते ते साबुदाणा, बटाटा, साखर यांवर, म्हणजे पिष्टमय पदार्थांवर. त्यातच प्रथिनांची खास पावडर बंद केली, तर बी-१२ कमी पडते, होमोसिस्टीन वाढू शकते. ते हृदयाला चांगले नाही. या रुग्णांचे कोलेस्टेरॉल अनेकदा कमीच भरते. त्यामुळे तेवढ्या एका रिपोर्टवर निश्चिंत राहणे चुकीचे. महिलांसाठी आणखी एक इशारा : गर्भारपणात फिनाइलअॅलनिन वाढलेले राहिले, तर बाळाला जन्मजात हृदयदोष होऊ शकतो. पथ्य गर्भधारणेआधीच काटेकोर हवे.

मग करायचे काय?
वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, लिपिड आणि बी-१२ यांची नियमित तपासणी. यातले बहुतेक कोणत्याही तालुक्याच्या गावी होते. अडचण वेगळीच आहे. रुग्ण वाढतो बालरोगतज्ज्ञांकडे. अठराव्या वर्षानंतर त्याने कोणाकडे जायचे?

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणातील उत्कृष्टता केंद्र आहे. पण मराठवाड्यातील रुग्णाने रक्तदाब मोजायला सव्वातीनशे किलोमीटर का जावे? घाटी रुग्णालयात महिन्यातून एक दिवस फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ यांची एकत्र ओपीडी ठेवावी, ती दूरध्वनी सल्ल्याने केईएमशी जोडावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, एक आदेश पुरे. गोव्याने २००८ मध्ये नवजातांची तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रानेही प्रत्येक बाळाच्या टाचेचा तो थेंब तपासायला हवा.

रुग्ण मोजके आहेत, हे खरे. पण ज्यांचा मेंदू वाचवायला आई-वडिलांनी वीस वर्षे घास मोजले, त्यांचे हृदय दुर्लक्षामुळे गमावणे परवडणारे नाही.