पुण्याची सायकल आणि देशाचे तेल

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. त्या धक्क्यात हॉलंडने ४ नोव्हेंबरपासून काही रविवारी मोटारींना रस्ते बंद केले. पुढे संकट ओसरले. परंतु सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याचे धोरण त्या देशाने चिकाटीने चालविले. आज तेथील सुमारे एक चतुर्थांश प्रवास सायकलीवरून होतो. त्याच पाच दशकांत सायकलींचे शहर म्हणून ख्याती असलेले पुणे मात्र नेमके उलट दिशेने गेले.

हा केवळ हौसेचा परिणाम होय, असे मानणे चूक ठरेल. शहर पसरले, घर आणि कचेरी यांतील अंतर वाढले. हिंजवडीसारखी रोजगाराची केंद्रे उभी राहिली. कर्मचारी तेथे पोहोचणार कसा, हा प्रश्न मागाहून विचारला गेला. बसचा भरवसा नसला म्हणजे शिक्षक वा कारकून हप्त्याने दुचाकी घेतो. ती चैन नव्हे, लादलेला खर्च होय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनुसार देशात खपणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींनाच लागत होते. आणि भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. कोथरूडच्या थांब्यावर वेळेवर न आलेल्या बसची किंमत अखेर परकीय चलनात मोजावी लागते, ती अशी.

मूळ दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. पीएमपीची तूट आकड्यांनिशी जाहीर होते आणि तिच्यावर टीकेची झोड उठते. उड्डाणपूल, रस्तारुंदी आणि फुकटचे वाहनतळ बनलेल्या रस्त्यांच्या कडा यांवरील खर्चास मात्र कोणी तूट म्हणत नाही. तो ‘विकास’ ठरतो.

विजेवरील वाहने तेल वाचवतील, रस्त्यावरील जागा वाचवणार नाहीत. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकापर्यंत चालत किंवा बसने सुखाने जाता आले नाही, तर तिचाही लाभ मर्यादितच राहील. योजनांची वानवा नाही. २००६ साली बीआरटी आली, २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला; उणीव राहिली ती सातत्याची. म्हणून महापालिकेने यापुढे रस्त्यावरील प्रत्येक खर्चापुढे त्यातून किती वाहने नव्हे, तर किती माणसे जातील, हा आकडा लिहावा. तेवढ्याने सायकल परत येणार नाही. पण बसला न्याय्य वाटा मागता येईल, आणि पुढचा तेलधक्का बसेल तेव्हा सामान्य माणसापुढे निदान एक पर्याय तरी असेल.