छंदाला पत कोण देणार?

जून उजाडला की कोपरगावातल्या दहावीच्या घरांतून तबला, रंगपेटी आणि क्रिकेटची बॅट माळ्यावर जाते. ‘एकच वर्षाचा तर प्रश्न आहे’ ही समजूत पालक घालतात आणि आपण शिक्षक मान डोलावतो. मग सहामाहीला गुण घसरले की त्याच मुलाचा आत्मविश्वास कसा वाढवावा, यावर आपण बैठक घेतो.

विल्यम जेम्स यांनी १८९० साली आत्मसन्मानाचं साधं गणित मांडलं: मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा. ज्या क्षेत्रावर माणसाने आपली पत लावलेली असते, तिथलंच अपयश त्याला बोचतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान हार्टर यांनी हाच धागा पुढे नेला. १९८८ साली किशोरांसाठी केलेल्या त्यांच्या मापनपट्टीत अभ्यास, खेळ, रूप, मैत्री अशी आठ क्षेत्रं वेगवेगळी मोजली आहेत. मूल ज्याला महत्त्वाचं मानतं त्यात त्याला जमतंय का आणि आई-वडील व सोबती त्याला मानतात का, या दोन गोष्टींवर त्याची स्वतःबद्दलची किंमत ठरते, असं त्यांना आढळलं.

आपली गफलत इथेच होते. आपण छंदवर्ग काढतो, पण छंदाला किंमत देत नाही. गावात मात्र ती मिळते. गोदाकाठाला सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या हरिनाम सप्ताहाची परंपरा आहे. या भागातल्या एखाद्या गावच्या सप्ताहात नववीतला मुलगा पखवाजावर बसतो, तेव्हा थोरले टाळकरीही त्याच्या ठेक्यावर चालतात. सोमवारी वर्गात तोच मुलगा ‘गणितात कच्चा’ एवढ्याच ओळखीने बसतो. कौशल्य त्याच्यापाशी आहे, गावाला ते माहीत आहे. शाळेच्या दप्तरी मात्र त्याची नोंद नाही.

खेळ आणि चित्रकलेसाठी बोर्ड वाढीव गुण देतं, ते जरूर मिळवून द्यावेत. पण छंदाचं समर्थन गुणांनीच होऊ लागलं, तर मोजपट्टी तीच जुनी राहते.

मग छंदाला किंमत द्यायची कशी? कोरडी वाहवा टाळावी. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात लय तुटत होती, आता टिकते’ असं सांगावं; प्रगती दिसली की जमण्याचा विश्वास बसतो. जबाबदारीही द्यावी: लेझीम पथक बसवणं, धाकट्यांना कबड्डी शिकवणं, फलकलेखन सांभाळणं. आणि मुलाला छंदात सामान्य राहण्याची मुभा असावी. प्रत्येक रांगोळी स्पर्धेला न्यायची नसते. मूल सतत खिन्न असेल, एकलकोंडं झालं असेल किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर मात्र छंदावर विसंबू नये. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे तत्काळ पाठवावं.

पुढच्या पालकसभेआधी आपल्या वर्गाची हजेरी घेऊन बसा. प्रत्येक नावापुढे, गुण वगळून, त्या मुलाला जमणारी एक गोष्ट लिहा. जिथे जागा रिकामी राहील, त्या मुलाशी आधी बोला आणि सभेत त्याच्या पालकांना गुणपत्रकाआधी तीच गोष्ट सांगा.