सव्वीस म्हणजे निवास-न्याहारी

देवबागला तात्यांच्या पडवीत मी पहिल्यांदा डार्ट हातात घेतला आणि तीन फेकींत मला मिळाले २०, १ आणि ५. बेरीज २६. तात्यांचा जहाजावरचा मुलगा सुट्टीला आला होता. तो हसत सुटला. म्हणाला, "काका, ह्याला इंग्लंडात 'बेड अँड ब्रेकफास्ट' म्हणतात." एके काळी तिकडे रात्रीची खाट आणि सकाळची न्याहारी मिळून दोन शिलिंग सहा पेन्स पडायचे. दोन आणि सहा, म्हणून सव्वीस. तात्यांच्या फाटकावर पर्यटन महामंडळाची 'निवास व न्याहारी' अशी पाटी आहे. योग्य घरात योग्य आकडा पडला म्हणायचा.

हा आकडा नवख्यांना इतक्या वेळा पडतो, त्याचं कारण बोर्डाच्या रचनेत आहे. २० चं घर अगदी डोक्यावर, सगळ्यात मोहात पाडणारं. पण त्याच्या एका अंगाला १ आणि दुसऱ्या अंगाला ५. १९ घ्यायला जावं तर शेजारी ३ आणि ७. मोठ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना भिकार आकडे बसवून हावरटाची खोड मोडायची, असा बेत. डाव्या हाताला मात्र १४, ११, ८, १६ असे मध्यमवर्गीय आकडे एकमेकांना धरून राहतात. तिथे नेम चुकला तरी फार नुकसान नाही. ज्याला आपला नेम किती पाण्यात आहे हे ठाऊक आहे त्याने तिकडेच मारावं. मी हे आठवडाभराने शिकलो. पुरुषमाणूस पहिले आठ दिवस २० वरच मारतो.

नेमबाजीची आपली ओळख जत्रेतली. दशावतार उभा राहायच्या आधी हातात वेळ असतो, तेव्हा छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचे, नाहीतर साबणाच्या वडीवर रिंग टाकायची. रिंग वडीपेक्षा नखभरच मोठी असते. बंदुकीची नळी कुठल्या बाजूला ओढते हे बंदूकवाल्यालाच माहीत. लहानपणी या दुकानांत मी किती पैसे घातले ते आवशीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझी तक्रार नाही, जत्रेत फसायलाच जायचं असतं. पण डार्टचा मला पहिला आनंद झाला तो इथे. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १७३ सेंटिमीटर, उभं राहायची रेघ बोर्डापासून २३७ सेंटिमीटर, लंडनला तेच आणि देवबागला तेच. चुकलो तर मीच चुकलो. दुकानदार नाही, त्यामुळे शिव्या घालायलाही कोणी नाही.

तात्यांना खेळापेक्षा बोर्डाचं कौतुक जास्त. पहिल्याच दिवशी त्यांनी बोर्डावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो वाख मां?" वाखच होता. चांगला बोर्ड सिसलच्या धाग्यांचा असतो, आणि सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातलं झाड. आपण घायपात कुंपणाला लावतो, त्याच्या वाखाचे दोर वळतो. तिकडे केनियातल्या सिसलच्या जुड्या करून, दाबून, कापून त्याचा बोर्ड करतात. धागे उभे असतात. टोक आत शिरलं की बाजूला सरतात आणि डार्ट काढला की पुन्हा मिटतात, म्हणून भोक राहत नाही. त्याआधी बोर्ड एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाचे असत. ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे लागत, म्हणजे लाकूड फुगून भोकं बुजायची. हे ऐकून तात्या खूश झाले, कारण उन्हाळाभर वाळूत राहिलेली लाकडी होडी पाण्यात घातली की फळ्या फुगून सांधे बसतात, तसलाच हा प्रकार. वाखाच्या बोर्डाला मात्र पाणी अजिबात चालत नाही. आणि आणलाय कुठे, तर एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि वरून मिरगाचा पाऊस. तात्यांनी तो चुलीच्या बाजूच्या भिंतीवर हलवलाय. धुराचा वास येतो, पण बोर्ड फुगलेला नाही.

जून-जुलैचे दोन महिने मासेमारी बंद. मालवणच्या किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, पर्यटक नाहीत, खोल्या रिकाम्या. याच दिवसांत पडवी भरायला लागली. मालवणच्या बाजारात मासळी विकणारी शेजारची काकी पहिल्यांदा आली ती सुके बांगडे द्यायला. आम्ही ५०१ खेळत होतो. यात शून्यापासून चढत जायचं नसतं. ५०१ पासून वजा करत उतरायचं, आणि शेवटचा डार्ट कडेच्या, आकडा दुप्पट करणाऱ्या दुहेरीच्या बारीक पट्टीतच लागला पाहिजे. आमची वजाबाकी मोबाइलवर चालली होती. काकी दोन मिनिटं दारात उभी राहिली.

"तात्यानू, पाटी हय द्या. पाचशे एकातले सव्वीस गेले, रवले चारशे पंच्याहत्तर. ह्यां काय मोठां गणित?"

त्या दिवसापासून हिशेब तिच्याकडे. लिलावात एकाच वेळी चार टोपल्यांचे भाव डोक्यात ठेवणाऱ्या बाईला आमची वजाबाकी म्हणजे पोरखेळ. तिसऱ्या दिवशी तिने खडू ठेवला आणि डार्ट उचलला. ३२ उरले तर बरं, हे तिला कोणी शिकवलं नाही. दुहेरी १६ मारायला जावं आणि डार्ट आतल्या अंगाला एकेरीत पडावा, तर उरतात १६, म्हणजे दुहेरी ८. पुन्हा तेच झालं तर ८, मग ४, मग २. निम्मे निम्मे करत खाली येता येतं. "म्हणजे संध्याकाळची मासळी," ती म्हणाली. दिवस कलला की भाव निम्म्यावर, मग त्याच्या निम्म्यावर.

आता माझा मुद्दा. इंग्लंडात हा खेळ पबच्या भिंतीवर वाढला, कारण पब ही तिथली गावाची बसायची जागा. आज तिकडे त्याचा थाट मोठा आहे. २०२५ च्या जानेवारीत ल्यूक लिटलर नावाचा १७ वर्षांचा पोरगा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जगज्जेता झाला. पण आपल्याकडे पबची जागा घेणार कोण? परमिट रूम? पडदा, मंद दिवा, चकण्याची बशी. तिथे काकी पाय ठेवणार नाही, आणि दोन पेग पोटात गेलेल्या माणसाच्या हातात टोकदार वस्तू द्यायला मीही तयार नाही. बीचवरच्या हॉटेलांत बोर्ड दिसतात, ते पाहुण्यांसाठी. आपल्या गावांत संध्याकाळी सहा ते नऊ बसायची जागा म्हणजे पुलाचा कठडा, नाक्यावरची टपरी आणि मंडळाचा कॅरम. तिन्हीकडे बाई नसते. कॅरमचं तर असं की चौघं खेळतात, चौदा जण वरून सल्ले देतात, आणि नव्याचा हात बोर्डाला लागतच नाही.

गावागावांत मंडळांच्या खोल्या आहेत, गणपतीचे दिवस सोडले तर कुलपात. आमदार-खासदार निधीच्या पाट्या तेवढ्या बाहेर चकचकीत. त्या खोलीत एक भिंत, एक बोर्ड, वर नीट उजेड, मागे जुन्या गादीचा तुकडा आणि रेघेच्या पुढे पोरांनी यायचं नाही एवढा एक नियम. लागतं इतकंच. डार्टची गंमत अशी की पाळी पटकन येते आणि पटकन जाते. मधल्या वेळात बोलायचं असतं. महिलांना खेळाचं वावडं आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर यावं आणि त्यांना नारळ लढवताना बघावं.

मागच्या मंगळवारी पडवीत डाव रंगला होता. तात्यांचे १८० उरलेले, माझे दोनशेच्या वर, काकी ३२ वर. पहिला डार्ट आतल्या अंगाला, उरले १६. दुसराही तसाच, उरले ८. तिसराही. पाटीवर तिने ४ लिहिला आणि लाइट गेली. काळोखात तात्या म्हणाले, "कोणी हलू नकात, कोणाच्या हातात काटो आसा?" लाइट रात्री दीडला आली.

नंतर दर्याला नारळ पडला, होड्या बाहेर गेल्या, आणि काकी आता पहाटेपासून बाजारात. परवा भेटली तेव्हा कापा करता करता मान वर न काढता तिने विचारलं, "पाटी पुसलास नाय मां?"

पुसलेली नाही. तात्यांनी वर टॉवेल टाकून ठेवलाय.